पोर, वेडा आणि लग्नाची बायको

आप्पा, तुम्ही गेलात हे आता सगळ्या निपाणीला ठाऊक आहे. कुठं गेलात, ते मात्र अजून कुणाला नक्की सांगता येत नाही. कोल्हापूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून तुम्ही परत येत होता, आमच्या ह्यांच्या सर्व्हिस मोटारीत, नेहमीसारखे पुढं, ड्रायव्हरच्या शेजारी. कागल सोडताना तुम्ही बोलत होता, असं हे सांगतात. कोगनोळीच्या नाक्यावर, कोल्हापूर संस्थान संपून इंग्रजी हद्द लागते तिथं, गाडी थांबली आणि तुम्ही काही बोलला नाहीत. एरवी इतक्या वर्षांत एकदाही न चुकता तुम्ही तिथं म्हणायचात, "रामा, कायदा बदलला बघ." ह्यांनी जरा वाट पाहिली आणि मग मान वळवून बघितलं.

नोंद करायला गेलो तर कारकून म्हणाला, "मयत कुठल्या हद्दीत झाले? करवीरच्या का आपल्या?" हे वसंताकडं बघायला लागले. वसंता कारकुनाच्या वहीकडं. तुमचा पोटचा पोरगा, स्वतः वकील! शेवटी आक्का, तुमच्या घरच्या मंडळी, पदर सावरत पुढं झाल्या आणि म्हणाल्या, "गाडीत झाले म्हणून लिवा." कारकुनानं लेखणी खाली ठेवली. ज्या प्रश्नावर तुम्ही वीस वर्षं पुस्तक लिहीत होता, तोच प्रश्न जाता जाता त्या गरीब माणसाच्या टेबलावर टाकून गेलात. मला तिथंच हसू फुटलं. सुतकात हसले म्हणून शेजारच्या बायकांनी मला नावं ठेवली. त्यांना काय माहीत, तुम्ही असता तर माझ्या आधी हसला असता.

रडलेच नाही असं समजू नका. दुपारी तीनला, आपली लिहायला बसायची वेळ झाली की अजून रडू येतं. पण ते मी तुम्हाला दाखवणार नाही. तुम्हाला रडणारी अशिलं आवडत नसत.

भेटायला येणारे लोक विचारतात, अंबूबाई, तुम्ही शहापूरच्या विणकराच्या घरातल्या, ते एवढे मोठे वकील, तुमचं नातं काय? मी सांगते, ते माझे वकील, मी त्यांची लेखनिक, आणि एका मुद्द्यावर आमचं वीस वर्षं पटलं नाही. लोकांना वाटतं मुद्दा वेदान्ताचा असणार. मुद्दा एवढाच होता, की लग्न झालेल्या बाईला स्वतःचं घर असतं की नसतं. तुम्ही म्हणायचात, कायद्यानं नसतं. मी म्हणायची, मग कायदा चुकलाय. तुम्ही म्हणायचात, ते मला पुराव्यानं दाखव. पुरावा तुमच्या समोर बोरू घेऊन बसलेला असायचा.

सुरुवात तुमच्या चुकीनं झाली. ही गोष्ट तुम्ही चारचौघांत कधी कबूल केली नाहीत, म्हणून आज मी सांगते. माझा पहिला नवरा महादू मला शहापुरात टाकून हुबळीच्या गिरणीत गेला. तिकडं त्यानं दुसरी बाई ठेवली. चार वर्षं ना पत्र, ना निरोप. शहापूर बेळगावला चिकटलेलं, पण सांगली संस्थानचं; बेळगाव, निपाणी, हुबळी इंग्रजांची. आमच्या पंचांनी रीतीप्रमाणं काडी मोडून मला मोकळं केलं आणि संस्थानच्या न्यायाधीशांनी त्यावर शिक्का मारून दिला. मग हे भेटले. निपाणीचे, मोटारवाले, बोलायला गोड. पाट लावायचं ठरलं तेव्हा ह्यांनी एकदा गाडी चालवता चालवता तुम्हाला विचारलं, "आप्पा, एक बाई हाय. शापुरात तिची काडी मोडलीया, सरकारी शिक्का हाय. निपाणीत पाट लावला तर चालतंय न्हवं?"

तुम्ही वर्तमानपत्र वाचत होता. डोकं वर न काढता म्हणालात, "शिक्का हाय न्हवं? मग लाव की."

त्या दोन वाक्यांवर मी लग्न केलं, आप्पा. आणि चार महिन्यांत इंग्रजी कोर्टाचं समन्स आलं. नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केल्याचा गुन्हा. फिर्यादी महादू. स्वतः हुबळीत बाई ठेवून बसलेल्या माणसाला कुणीतरी चिडवलं होतं, तुझी बायको दुसऱ्यानं नेली म्हणून. माझ्या पोटात तेव्हा थोरला होता. खटला हरले असते तर मी तुरुंगात गेले असते, आणि पोराला बापाचं नाव मिळालं नसतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपण होऊन आमच्या दारात आलात. एवढा मोठा वकील दारात बघून मी घाबरले. तुम्ही आत येऊन घोंगड्यावर बसलात आणि म्हणालात, "पोरी, चूक माझी हाय. मी कागद इचारला, माणूस इचारला न्हाय. तुझा पयला नवरा ऱ्हातो कुठं?"

"हुबळीला."

"कायमचा?"

"मला काय ठाव? मला कुठं सांगून गेलता?"

तेव्हा तुम्ही मला पहिला धडा दिलात. लग्न मोडायचा अधिकार त्या राज्याचा, ज्या राज्यात नवऱ्याचं कायमचं घर. महादू कायमचा हुबळीचा झाला असेल तर त्याचं घर इंग्रजी हद्दीत. आणि बायकोचं घर ते नवऱ्याचं, म्हणून माझंही घर हुबळी. मग शहापूरच्या पंचांना आणि न्यायाधीशांना माझ्या लग्नात बोलायचा अधिकारच उरत नाही. त्यांनी मोडलेली काडी ही नुसती काडी.

"आप्पा, मी हुबळी बघितलेली बी न्हाय."

"कायद्यानं बघितलीयास," तुम्ही म्हणालात.

म्हणजे झालं असं, की शहापुरात मी सुटलेली बाई आणि बेळगावात महादूची बायको. मध्ये पाव तासाची चाल. भाजी आणायला बेळगावच्या बाजारात गेलं की माझं लग्न लागायचं आणि पिशवी घेऊन परत आलं की मोडायचं. मी हे म्हटल्यावर तुम्ही पहिल्यांदा हसलात. मग खिशातून विडीच्या पुड्याचा कागद काढून त्याच्या पाठीवर ते वाक्य लिहून घेतलंत. तुमच्या पुस्तकाची पहिली ओळ तीच आहे, आणि ती माझी आहे. हे मी वसंताला आधीच सांगून ठेवलंय.

मग तुम्ही म्हणालात, "शापूरला जाऊया. मला त्याचं घर बघायचं हाय." आपण तिघं गेलो. शेजारणीकडून किल्ली घेतली. तुम्ही दार उघडून आत गेलात आणि पुढच्या खोलीत थबकलात. महादूचा माग भिंतीशी तसाच होता, पण त्याच्याखाली खड्डा नव्हता. तुम्ही निपाणीचे, तंबाखूच्या गावचे, तरी तुम्हाला आमची रीत माहीत होती. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो, तिथंच त्याचा जन्म जातो. आमच्यात माग विकतील, हलवतील. खड्डा मात्र माणूस गाव कायमचं सोडून निघाला तरच बुजवतात. नाहीतर मेल्यावर, मागं कुणी बसणारं नसेल तर. जित्या माणसाला 'तुझा खड्डा बुजला' म्हणणं ही मोठी शिवी आहे. त्यावरनं मारामाऱ्या झालेल्या मी बघितल्यात.

"खड्डा कुणी बुजवला?" तुम्ही हळू आवाजात विचारलंत.

"मी."

"कवा?"

"काडी मोडली त्याच दिवशी. घमेल्यानं माती टाकली, वरनं सारवलं, आणि तिथंच सुताच्या कांड्या भरायचा रहाट मांडला."

मला वाटलं आता तुम्ही रागावणार. तुम्ही भिंतीला टेकून इतकं हसलात की शेजारीण पळत आली. मग डोळे पुसत विचारलंत, "महादूनं बघितलंय का ह्ये?"

"चार वर्सांत ह्या दारात आलाय कुठं?"

"मग त्याच्या लेखी खड्डा अजून उघडाच हाय," तुम्ही म्हणालात, आणि शेजारणीला किल्ली परत दिलीत.

कोर्टातला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. महादूच्या वकिलांनी चोख तयारी केली होती. हुबळीतली भाड्याची खोली, गिरणीतली नोकरी, तिथला शेजारी साक्षीला. हा माणूस हुबळीकर झाला यात कुणाला शंकाच राहिली नव्हती.  मागच्या बाकांवर शहापूरचे चार-पाच विणकर येऊन बसले होते. तुम्हीच त्यांना यायला सांगितलं होतं, हे मला मागाहून कळलं. तुम्ही उठलात आणि महादूला कायद्यातलं काहीच विचारलं नाहीत.

"माग विकलास का रं?"

"न्हाय. बाचा माग हाय. इकीन कशाला?"

"हुबळीला जाताना खड्डा बुजवून गेलतास?"

महादूचा वकील खोकला. खोकल्याचा अर्थ कोर्टातल्या सगळ्यांना कळला, महादूलाही कळला असणार. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. तेवढ्यानं माझा निकाल लागला असता. पण मागच्या बाकांवर त्याच्या आळीतली माणसं बसली होती. महादूनं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याचं तोंड लाल झालं.

"माझा खड्डा बुजवायला मी मेलोय व्हय?" तो म्हणाला. "गेलतो तसा येनार हाय की परत. मी शापूरचा हाय."

तुम्ही खाली बसलात. खुर्चीवरच्या इंग्रज साहेबाला काही उमजेना, तेव्हा तुम्ही दोन म्हाताऱ्या विणकरांकडून रीत सांगवून घेतलीत. घर सोडायचा इरादा नसेल तर घर सुटत नाही, या एका वाक्यावर तुमचं सगळं भाषण. निकाल झाला की महादूचं घर शहापूरच, म्हणून संस्थानच्या न्यायाधीशांचा शिक्का खरा, म्हणून काडी खरी, म्हणून माझा पाट खरा. मी सुटले. आणि तुम्हाला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. ज्या माणसानं माझी चार वर्षं मातीत घातली, तो त्या घटकेला मला आवडला. खोटं बोलून तो जिंकू शकत होता. त्याच्यानं ते झालं नाही. त्यानं हुबळीला परत जायच्या आधी घर उघडून बघितलं असेल का, आणि बघितल्यावर मला काय म्हणाला असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

कोर्टाबाहेर चहा पिताना मी विचारलं, "मला का न्हाय इचारलं खड्ड्याचं?"

"तुला इचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस," तुम्ही म्हणालात. मग चहाचा घोट घेऊन पुढचं बोललात, आणि तिथंच आपला वाद सुरू झाला. "आणि सांगितलं असतंस तरी फरक पडत नव्हता गं. नवऱ्याचा इरादा बघायचा असतो. बायकोच्या इराद्याला कायद्यात जागा न्हाय."

त्याच दुपारी मी खटला जिंकले होते. चार वर्षं मी एकटी त्या घरात राहिले, कांड्या भरून पोट भरलं, ओंजळीनं नाही तर घमेल्यानं माती टाकून एका माणसाला घराबाहेर काढलं, आणि कायदा म्हणतो ते काही झालंच नाही. जमीन सारवायला माझा हात चालतो, घर सोडायला चालत नाही. बरं, त्याच नियमानं मला वाचवलं, म्हणून तोंड उघडायचीही सोय नाही. मी चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसले. तुम्ही ह्यांना म्हणालात, "रामा, बायको हुशार हाय तुझी. तरास दील." तो त्रास तुम्हालाच झाला.

फी विचारली तर तुम्ही म्हणालात, "अक्षर दाखव." मी शाळेत चौथीपर्यंत शिकले होते आणि अक्षर वळणदार होतं. तुम्ही ते बघितलंत आणि म्हणालात, उद्यापासून दुपारी ये. म्हणे पुस्तक लिहायचंय, कुणाला कुठल्या राज्याचा कायदा लागतो त्याचं. इंग्रजीत या विषयावर ढीगभर पुस्तकं आहेत, पण ती लंडनला राहून फ्रान्सात मरणाऱ्या साहेबांसाठी. शहापुरात राहून बेळगावात बाजार करणाऱ्या माणसासाठी एकही नाही. म्हणून मराठीत. विलायतेहून तुमची पुस्तकं यायची, त्यांची न कापलेली पानं तुम्ही तंबाखू चिरायच्या सुरीनं कापायचात. तुमच्या कायद्याला तंबाखूचा वास होता. संकेश्वरच्या बाजारादिवशी तुम्ही तिथं जाऊन बसायचात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचात, लेक कुठं दिलीस, जमीन कुठं आहे, म्हातारी कुठं वारली. लोकांना वाटायचं वकील लग्नं जुळवतात.

शब्दांवरनं आपण किती भांडलो. एक नुसतं राहायचं ठिकाण आणि एक कायमचं ठिकाण, यांना तुम्ही मोठमोठे संस्कृत शब्द काढले होते. मी म्हटलं, आप्पा, एक बिऱ्हाड आणि एक घर. बिऱ्हाडं चार असतील, घर एकच. तुम्ही माझ्या हातून बोरू घेतलात आणि संस्कृत शब्द खोडलेत. दुसरं ते तुमचं लाडकं कोडं. एका राज्याचा कायदा म्हणतो, शेजारच्या राज्याच्या कायद्यानं चाला. तिकडं जावं तर तो म्हणतो, नाही, पहिल्याच्याच कायद्यानं. मी म्हटलं, म्हणजे लग्नातले व्याही. हे म्हणतात तुमच्या रीतीनं होऊ दे, ते म्हणतात छे, तुमच्या. आणि पंगत उपाशी. पुस्तकात तो दाखला तसाच घातलात. वर वसंताला म्हणालात, "बघ, तुला तीन वर्सं कॉलेजात जे कळलं न्हाय ते." बिचारा वसंता.

इतकं सगळं माझं ऐकलंत, आणि सहाव्या प्रकरणात अडलात.

त्या दुपारी तुम्ही सांगत होता आणि मी लिहीत होते. 'ज्यांना स्वतःचे घर निवडता येत नाही अशा व्यक्ती. एक, अज्ञान पोर. त्याचे घर ते बापाचे. दोन, वेडा, त्याचे घर ते त्याला सांभाळणाऱ्याचे. तीन, लग्नाची बायको; तिचे घर ते नवऱ्याचे.' मी बोरू खाली ठेवला.

"पोर, वेडा आणि मी? एका ओळीत?"

"कायदा हाय त्यो. मी केल्याला न्हाय."

"मग खाली लिवा, ह्यो कायदा चुकीचा हाय म्हणून."

"असं लिवता येत न्हाय गं. आधार पायजे. कुठल्या तरी कोर्टानं म्हटल्यालं पायजे."

"पोर मोठं हुतंय. वेडा बरा हुतो. बायकोनं काय करायचं, आप्पा? नवरा मरायची वाट बघायची?"

 पडवीत सुपारी कातरत बसलेल्या आक्कांना तुम्ही हाक मारलीत. "आगं, तुझं घर कुठलं, सांग जरा हिला." तुम्हाला वाटलं, पन्नास वर्षं संसार केलेली बाई काय म्हणणार? आक्का म्हणाल्या, "माझं घर बोरगाव. हितं मी आल्याली हाय." मी मोठ्यानं हसले. तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तरीपण ती ओळ तुम्ही गाळायला तयार नव्हता, आणि मी लिहायला. आठ दिवस मी तुमच्याकडं फिरकले नाही. नवव्या दिवशी ह्यांच्याबरोबर निरोप आला, "अंबूला सांग, सातवं प्रकरण तयार हाय."

मी आले. "आणि सहावं?" म्हणून विचारलं. "ऱ्हाऊ दे तसंच," तुम्ही म्हणालात. सगळं पुस्तक माझ्या अक्षरात झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा सुधारून झालं. सहाव्यातलं ते पान तेवढं तुमच्या अक्षरात राहिलं. दर वर्षी तुम्ही एकदा तो विषय काढायचात, मी एकदा भांडायची, आणि आक्का चहा करायच्या. मला वाटतं आपल्या तिघांनाही ते आवडायचं. ते मिटू नये असंच आपल्याला वाटत होतं की काय, देव जाणे.

कोल्हापूरला निघायच्या दिवशी तुम्ही आमच्या दाराशी गाडीत बसला होता. तुम्हाला नीट दिसत नव्हतं, पण माझ्या बांगड्यांवरनं मी आले हे ओळखलंत. म्हणालात, "डोळे नीट हुऊ देत, अंबू. मग सहावं घेऊया."

मी म्हटलं, "मी लिवणार न्हाय."

गमतीनंच म्हटलं. तुम्ही हसलात, गाडी गेली. पण शेवटचा शब्द म्हणून माझ्याकडून तुमच्याकडं तेवढाच गेला. त्याचं मला फार वाईट वाटतं. मला म्हणायचं होतं, सांभाळून जा. मला हेही म्हणायचं होतं, की तुम्ही नसता तर मी एखाद्या तुरुंगात कांड्या भरत बसले असते, आणि माझा थोरला आज शाळेत मास्तर झाला नसता. वीस वर्षांत हे एकदाही म्हटलं नाही. भांडायलाच वेळ पुरला नाही.

तुम्ही गेलात आणि महिन्याच्या आत इंग्रज गेला, झेंडा बदलला. साखर वाटली, पोरं ओरडत फिरली. आता संस्थानंही राहणार नाहीत अशी बोलवा आहे. वसंता परवा आक्कांसमोर म्हणाला, "अंबूमावशी, कोगनोळीला कायदाच बदलणार नसेल तर हे पुस्तक कुणासाठी छापायचं?" तो काही वाईट हेतूनं म्हणाला नाही. पण मला राग आला. मी म्हटलं, "राज्यं जातील रं, लेकी तर दुसऱ्या गावाला द्यायच्याच हाईत न्हवं? त्यांचं घर कुठलं, ह्ये कोण सांगणार?" आणि बोलून झाल्यावर माझ्याच लक्षात आलं, की लेकीच्या स्वतःच्या घराचं तर तुमच्या पुस्तकात एक अक्षर नाही.

आक्का उठल्या आणि तुमचं दप्तर आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. "घे बाई. बघ काय करायचं त्ये. त्येंनी शेवटच्या म्हैन्यात काय काय खरडलंय."

मी सहावं प्रकरण काढलं. तुमचं जुनं पान तिथं होतं, पोर, वेडा आणि लग्नाची बायको, जसंच्या तसं. एक शब्द खोडलेला नव्हता. तुम्ही हट्टी ते हट्टीच. पण त्याच्या पाठोपाठ चार कोरे ताव शिवलेले होते. पहिल्या तावाच्या माथ्यावर, डोळे अधू झाल्यावरच्या तुमच्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात, ओळी एकमेकींवर चढलेल्या, असं लिहिलं होतं: 'या नियमास आधार मिळतो, समर्थन मला मिळाले नाही. विरुद्ध मत अंबूबाईंचे आहे व ते त्यांनीच लिहावे. ते आल्यावाचून प्रकरण छापू नये.'

मी ते तीनदा वाचलं. मग आक्कांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्ता सुचलं व्हय?" आणि आत निघून गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला.

म्हणजे पुस्तक माझ्यावर अडलंय, आप्पा. गेले चार दिवस मी दुपारी तीनला तुमच्या पडवीत बसते आहे. पहिल्या दिवशी सुट्या कागदावर नुसता राग लिहिला, फाडला. दुसऱ्या दिवशी तुमची स्तुती लिहिली; तीही फाडली, तुम्हाला ती पुराव्यात चालली नसती. तिसऱ्या दिवसापासून जबानी देतात तसं लिहायला लागले. कुठं राहिले, कुणी ठेवलं म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून. खड्ड्याचंही लिहिलंय. कोर्टात कुणी विचारलं नाही ते सगळं, शपथेवर. घर सोडायचा इरादा महादूचा नव्हता हे खरं. त्याला घरातून काढायचा इरादा माझा होता, हेही तितकंच खरं, आणि कायद्यानं दोन्ही ऐकून घ्यावं, एवढंच माझं म्हणणं. तुम्ही समोर नाही, त्यामुळं खोडायलाही कुणी नाही. खोडायला कुणी असतं तर बरं झालं असतं, आप्पा.

आज चौथा ताव संपला. खाली रीतीप्रमाणं नाव घालायचं होतं. वसंता शेजारी उभा होता. म्हणाला, "मावशी, बाईच्या जबानीत आधी भ्रताराचं नाव, मग त्याचा राहण्याचा गाव. कोर्टाची पद्धत आहे." ह्यांचं घरही निपाणीच, त्यामुळं कागदावर काही फरक पडणार नव्हता. मी त्याला म्हटलं, पद्धत मला माहीत आहे, तीन वेळा लिहून काढलीय. मग बोरू शाईत बुडवला आणि लिहिलं:

अंबूबाई. राहणार निपाणी. मला राहायचे आहे म्हणून.